पंधरा ऑक्टोबरचा हिशेब: राज्याच्या पाण्याचं नियोजन कसं होतं

दरवर्षी १५ ऑक्टोबरला सकाळी धरणाच्या मोजपट्टीवर पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते वाचलं जातं. पाऊस ओसरलेला असतो, रान हिरवं असतं, धरण काठोकाठ भरलेलं नसलं तरी डोळ्यांना भरपूर वाटतं. पुढच्या एप्रिलमध्ये कुठल्या गावात टँकर लागणार आणि कुणाचा गहू ऐन दाण्यात सुकणार, हे बरंचसं त्या एका आकड्यावरून ठरतं. मी महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्यात नियोजनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. लग्नाकार्यात भेटणारे लोक विचारतात, "पाणी तर पाऊस देतो, मग तुम्ही करता काय?" प्रश्न रास्त आहे. मागणीपेक्षा पाणी कमीच असणार, हे आमच्या कामातलं पहिलं गृहीत. मग ती तूट कुणी किती सोसायची आणि ती सोसणाऱ्याला किती आधी कळवायची, एवढं ठरवण्यासाठी ही सगळी आकडेमोड चालते.

आधी मापं समजून घेऊ, कारण बातम्या इथंच डोक्यावरून जातात. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. सरकारी कागदांवर दलघमी असतं, म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे साधारण २८.३२ दलघमी. ही झाली साठ्याची मापं. वाहत्या पाण्याचं माप क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. "धरणातून दहा हजार क्युसेक विसर्ग" असं वाचलंत तर तो विसर्ग अख्खा दिवस चालू राहिल्यावर ०.८६ टीएमसी पाणी गेलं असं समजायचं. एवढं एक गणित पाठ असलं तरी बातमीतलं पाणी डोळ्यांपुढे उभं राहतं.

दुसरी अडचण टक्क्यांची. धरणाच्या तळाशी, कालव्याच्या दाराच्या खाली जे पाणी राहतं तो मृतसाठा. ते कालव्यात आपोआप चढत नाही. त्याच्या वरचा तो उपयुक्त साठा, आणि बातमीतला टक्का त्याचाच असतो. उजनीच्या टक्केवारीने तर दर उन्हाळ्यात लोक चक्रावतात. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, पण त्यातले ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठ्यात मोडतात आणि उपयुक्त फक्त साडेत्रेपन्न. त्यामुळे उपयुक्त साठा संपला तरी तळाशी त्याहून मोठं पाणी असतं आणि ते उचलायला लागलं की टक्का शून्याच्या खाली जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. उणे साठा ऐकून "पाणी उणे कसं होईल?" असं विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. ते पाणी पुढच्या वर्षाच्या खात्यातून घेतलेली उचल असते. पुढचा पाऊस आधी तो खड्डा भरतो आणि मगच टक्का शून्याच्या वर येतो.

आता येवा. नदीतून धरणात वर्षभरात जेवढं पाणी येतं त्याला आमच्याकडे येवा म्हणतात. तो दरवर्षी वेगळा, मग धरण कितीचं बांधायचं? सरासरी धरली तर निम्म्याच्या आसपास वर्षं धरण अपुरं भरेल. म्हणून विश्वासार्हता नावाची कल्पना आली. समजा, नदीची चाळीस वर्षांची नोंद हाताशी आहे. सगळ्यात जास्त येव्याचं वर्ष वर ठेवून उतरत्या क्रमाने यादी लावायची. साधारण एकतिसाव्या ओळीवर जो आकडा येतो तो ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा, म्हणजे चारपैकी तीन वर्षं निदान एवढं पाणी येईल. सिंचनाचे प्रकल्प सहसा या आकड्यावर बेततात, आणि अवर्षणप्रवण भागात ५० टक्क्यांवरही बेतावे लागतात, नाहीतर तिथं धरणच होणार नाही. आंतरराज्य वाटपातही हाच आकडा लागतो. कृष्णेच्या पहिल्या लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, ७५ टक्के विश्वासार्हतेचं २,०६० टीएमसी पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० असं वाटप केलं होतं.

या व्याख्येत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती आम्ही लोकांना नीट सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. पंचाहत्तर टक्के विश्वासार्हतेवर बांधलेलं धरण चौथ्या वर्षी भरणार नाही हे बांधतानाच ठरलेलं असतं. शेतकऱ्याला मात्र भूमिपूजनाच्या दिवशी लाभक्षेत्राचे पूर्ण हेक्टर सांगितले जातात. मग ते चौथं वर्ष आलं की त्याला वाटतं आपल्याला फसवलं.

साठा कळला की लगेच वाटपाला बसता येत नाही. आधी ऊन आपला वाटा घेतं. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय घ्या. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी, म्हणजे ७६ टीएमसीहून थोडा जास्त, पण हे पाणी सपाट मुलखात पसरलेलं आहे. भरलं की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाणपसारा. खोल दरीतल्या धरणात तेवढंच पाणी थोड्या जागेत मावतं आणि कमी उडतं, इथं ते परातीतल्या दुधासारखं पसरतं. उन्हाळ्यात समजा पसारा आकसून २०० चौरस किलोमीटरवर आला आणि दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडालं, तर एका दिवसात १.६ दलघमी, म्हणजे १६० कोटी लिटर पाणी कुणीही न वापरता गेलं. एखाद्या मोठ्या शहराला काही दिवस पुरेल एवढं. म्हणून वाटपाच्या तक्त्यात बाष्पीभवनाची ओळ पिकांच्या वर असते.

आता तो तक्ताच करून बघू. आमचं सिंचन वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, मग १ मार्चपासून उन्हाळी. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर जो आराखडा होतो त्याला प्राथमिक सिंचन कार्यक्रम म्हणतात, बोलण्यात 'पीआयपी'. समजा, एका मध्यम प्रकल्पात त्या दिवशी ६० दलघमी उपयुक्त पाणी आहे. आकडे मी सोयीसाठी धरतोय, रीत मात्र खरी आहे. बाष्पीभवनाचे १० वजा. पिण्याचं आरक्षण, जे जुलैच्या मध्यापर्यंत आणि टंचाई असली तर ऑगस्टअखेरपर्यंत पुरवायचं असतं, ते १२. औद्योगिक वसाहतीला २. उरले ३६. हे ३६ कालव्याच्या मुखाशी. तिथून मुख्य कालवा, वितरिका, चारी, पोटचारी असा प्रवास करताना पाणी झिरपतं, फुटतं, चोरीला जातं. याला वहनव्यय म्हणतात आणि जुन्या मातीच्या कालव्यांवर निम्मं पाणी वाटेत जाणं नवलाचं नाही. म्हणजे शेताच्या बांधावर पोचले १८ दलघमी.

एका हेक्टरला एक पाळी, म्हणजे एकदाचं पाणी द्यायचं तर साधारण आठ सेंटिमीटर पाणी उभं करावं लागतं, म्हणजे ८०० घनमीटर. १८ दलघमीत अशा साडेबावीस हजार हेक्टर-पाळ्या बसतात. हरभऱ्याला तीन पाळ्या धरल्या तर साडेसात हजार हेक्टर भिजतं. गव्हाला पाच धरल्या तर साडेचार हजार. उसाला वर्षाच्या पंचवीस धरल्या तर नऊशे हेक्टर. पाणी तेवढंच, धरण तेवढंच, पाऊस तेवढाच. साडेसात हजार हेक्टर की नऊशे, एवढा फरक केवळ पिकाच्या निवडीने पडतो. महाराष्ट्रात पाण्यावरून जे जे राजकारण होतं, त्यातलं निम्मं मला या चार ओळींच्या गणितात दिसतं. उसाला हमीचा भाव आणि हमीचं गिऱ्हाईक आहे, हरभऱ्याला हमीभाव जाहीर झाला तरी तसं हमीचं गिऱ्हाईक नाही. त्यामुळे ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. पण नियोजन करणाऱ्याने हे गणित कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ती बैठक बहुधा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते, आमदार असतात, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. किती आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाण्याच्या किती फेऱ्या सोडायच्या आणि कुठल्या तारखेला, ते तिथं ठरतं. आम्ही फक्त आकडे मांडतो. पण आकडे कसे मांडले यावर बैठकीचा रोख बदलतो.

तक्त्यातला बारा हा आकडा, पिण्याच्या पाण्याचा, हलका घेऊ नका. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन पोचली, नंतर वाघिणी वाढवून खेपेला पंचवीस लाख लिटरपर्यंत नेलं. पंचवीस लाख लिटर म्हणजे अडीच हजार घनमीटर, आपल्या वरच्या हिशेबात तीन हेक्टरच्या एका पाळीएवढं. सव्वातीनशे किलोमीटरहून लांब अंतरावरून एवढं पाणी आणायला अख्खी मालगाडी लागली. ऑक्टोबरमध्ये आरक्षणाच्या ओळीत एक दलघमी कमी पकडला तर त्याची किंमत मेमध्ये अशी मोजावी लागते.

सगळ्यात अवघड टेबल ऊर्ध्व आणि अधो, म्हणजे नदीच्या वरच्या आणि खालच्या भागातल्या वाटपाचं. गोदावरीचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, पालखेड, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणं वर, जायकवाडी खाली. पावसाचं पाणी आधी वर अडतं. वरच्या शेतकऱ्याचं म्हणणं असं की दारणा १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं. आमच्या आज्यापणज्याने या पाण्यावर बागा उभ्या केल्या, जायकवाडीचं भूमिपूजन झालं १९६५ ला. खालच्याचं म्हणणं असं की जायकवाडीचा आराखडा सरकारनेच केला. त्यात वरून अमुक पाणी येईल असं धरलं होतं आणि त्यानंतर वर धरणं वाढत गेली. शिवाय छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याचं पिण्याचं पाणी या धरणावर आहे. दोघांचंही म्हणणं मला खरं वाटतं, आणि म्हणूनच हा प्रश्न बैठकीत आवाज चढवून सुटत नाही.

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात कलम १२ मध्ये यावर एक तरतूद आहे. तिचा सोपा अर्थ असा की तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतल्या वापरायोग्य पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर, खरिपात वापरलेलं पाणी धरून, साधारण सारखी झाली पाहिजे. 'खरिपातला वापर धरून' हे शब्द महत्त्वाचे. ते नसते तर वरच्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कालवे भरभरून चालवले असते आणि ऑक्टोबरमध्ये "आमच्याकडेही कमीच आहे" म्हणाले असते. ही टक्केवारी प्रत्यक्षात कशी आणायची याचं सूत्र २०१३ साली मेंढेगिरी अभ्यासगटाने दिलं. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने त्यावर अंमल सुरू झाला. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्के उपयुक्त पाणी नसेल तर वरून सोडायचं, असा त्या आदेशातला उंबरठा. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही ही चौकट उचलून धरली. २०२३ मध्ये या सूत्राने ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला.

आदेश निघाला म्हणजे पाणी पोचलं असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदीपात्र अजून ओलं असतं, तेव्हा सोडलेलं पाणी बरंचसं खाली जातं. तेच फेब्रुवारीनंतर सोडलं तर तापलेली वाळू ते पिऊन टाकते. सोडण्याआधी नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर पाणी पहिले सगळे बंधारे भरत बसतं. काठावरच्या मोटारींची वीज त्या काळापुरती तोडावी लागते, पात्रावर पोलीस बंदोबस्त लागतो. एवढ्या तयारीला दोन आठवडे सहज जातात. म्हणून निर्णय उशिरा घेणं हा इथं सगळ्यात महाग निर्णय ठरतो. वरचा शेतकरी सोडतो ते पाणी आणि खालच्याला मिळतं ते पाणी यांतला फरक कुणाच्याच पिकाला लागत नाही.

खोऱ्याखोऱ्यांत जे होतं ते एकाच धरणावर शहर आणि शेत यांच्यातही होतं. पुण्याच्या खडकवासला साखळीत चार धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं आणि त्यावर पुणे शहरही आहे, दौंड-इंदापूरचा कालवाही आहे. शहर दरवर्षी वाढतं, धरण वाढत नाही. प्राधान्यक्रम काय? २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती होती, २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. कागदावरचा क्रम बदलला तरी शहराचा नळ बंद करण्याची ताकद कुणातच नसते, त्यामुळे तूट नेहमी कालव्याच्या वाट्याला जाते. यावर एक उपाय आहे तो सांडपाण्याचा. शहरात आलेल्या पाण्याचा बराच मोठा भाग गटारात जातो, आणि तो नीट शुद्ध करून कालव्याला परत दिला तर शेतीचं नुकसान भरून निघू शकतं. मुंढव्याचा जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, याच विचाराने झाला, साडेसहा टीएमसी पाणी जुन्या कालव्यात परत द्यायचं म्हणून. शुद्धीकरण मात्र खरंखुरं झालं पाहिजे. घाण पाणी परत देणं म्हणजे पाण्याची परतफेड नव्हे.

पुराचा विषय वेगळा लेख मागतो, एवढंच सांगतो की पावसाळ्यात धरणं लवकर भरून ठेवावीत असा दुष्काळाचा आग्रह असतो आणि ती रिकामी ठेवावीत असा पुराचा. म्हणून पंधरा-पंधरा दिवसांच्या पातळ्या आधीच ठरलेल्या असतात आणि धरण शेवटच्या टप्प्यात पूर्ण भरायचं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाल्यावर या पातळ्यांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

या सगळ्या आकड्यांचा पाया मोजणी आहे आणि तीच आमची कच्ची बाजू. धरणाची उंची वाचली की तक्त्यावरून साठा काढतात, पण तो तक्ता धरण बांधतानाचा. तळाशी गाळ साचला की तक्ता खोटं बोलायला लागतो, म्हणून नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून नवे तक्ते काढते. कालव्यावर तर खालच्या फाट्यांशी प्रवाहमापकच नसतात, असले तर मोडके. पाणी मोजून द्यायचं आणि वाटायचं काम गावच्या संस्थेवर सोपवायचं, याचं चांगलं उदाहरण दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पाचं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आलं. हंगामाला आपल्या संस्थेचा कोटा किती, हे आधी कळलं की कुठलं पीक घ्यायचं ते शेतकरी स्वतः ठरवतो. सरकारी परवानगीने पीक ठरवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला गेलो होतो. चारी शेवटी बांधाला मिळते तिथं सिमेंटवर रंगवलेली मोजपट्टी होती आणि तिच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. पाणी त्या पट्टीला किती दिवसांत शिवलेलं नाही, हे सांगायला कुठल्या रजिस्टरची गरज नव्हती. बांधावर बसलेले म्हातारे म्हणाले, "साहेब, पाणी येत नाही याचं दुःख नाही एवढं. येणार म्हणतात आन् येत नाही. बियाणं, खत, सगळं मातीत जातं." त्यांनी त्या वर्षी चार पाळ्यांच्या भरवशावर गहू पेरला होता आणि दोन मिळाल्या होत्या.

काही वर्षांनी त्याच कालव्याचा कार्यक्रम माझ्या टेबलावर आला. साठा बेताचा होता. आम्ही पाळ्या तीनच धरल्या, पाणी टेलकडून हेडकडे, म्हणजे आधी टोकाच्या शेतांना आणि मग कालव्याच्या मुखाजवळच्यांना द्यायचं ठरवलं आणि ऑक्टोबर संपायच्या आत गावोगावच्या चावडीवर तारखांसकट फलक लावला. मी पुन्हा त्या बांधावर गेलो तेव्हा त्या म्हाताऱ्यांनी मला ओळखलं नाही, पण फलक त्यांनी वाचून घेतला होता.

"तीनच का?"

"तीनच, बाबा. चौथी येणार नाही."

"नक्की?"

"नक्की तीन."

त्यांनी गव्हाचा विचार सोडून हरभरा पेरला. तिसरी पाळी फेब्रुवारीत रात्री पोचली. पाटकऱ्याने सकाळी फोन करून सांगितलं, टेलच्या पट्टीवर वीस सेंटिमीटर पाणी आहे.